चक्रवाढ व्याजाचे जंगल

जर्मनीच्या मध्यावर, किंचित उत्तरेला, हार्त्झ नावाचा पर्वत आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर ब्रोकन. उंची ११४१ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमीच. पण उत्तरेकडचा सारा मुलूख सपाट असल्यामुळे त्या भागात या शिखराचा मोठा बडेजाव आहे. महाकवी गटे १७७७ च्या डिसेंबरात बर्फ तुडवत वर चढून गेला आणि पुढे 'फाउस्ट'मधला चेटकिणींचा मेळा त्याने याच डोंगरावर भरवला. आता चालत जायची गरज नाही. पायथ्याच्या गावातून वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी धापा टाकत माथ्यापर्यंत नेते. माझी मुलगी आणि जावई ब्राउनश्वाइगला असतात. तिथून हा डोंगर तासाभराच्या अंतरावर. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा एका रविवारी सगळे मिळून ब्रोकनला निघालो.

स्टेशनवर घेतलेल्या चित्रकार्डात धुराचा लोट सोडणारे इंजिन होते आणि मागे गर्द हिरवे, जवळजवळ काळे वाटावे असे स्प्रूसचे अरण्य. गाडी वळणे घेत वर चढू लागली आणि कार्डातले अरण्य काही येईना. दोन्ही अंगांना उभे होते ते नुसते खांब. पाने नाहीत, फांद्या मोडलेल्या, साल गळून पडलेली. डोंगरामागून डोंगर तसेच. मला आधी वाटले, वणवा लागून गेला असावा. पण बुंधे काळे नव्हते, राखाडी होते. चांदीच्या जुन्या भांड्यावर चढतो तसा रंग. सौ. म्हणाली, "अहो, हे सगळं मेलंय." डब्यातले इतर प्रवासी शांतपणे सँडविच खात होते. त्यांना सवय झाली असावी.

उतरल्यावर नातीला वाटेच्या कडेला सालीचा एक वीतभर तुकडा सापडला. तिने तो उलटा करून मला दाखवला आणि म्हणाली, "आजोबा, यावर कुणीतरी काहीतरी लिहिलंय."

खरोखरच लिहिल्यासारखे होते. मधोमध एक उभी सरळ रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक आडव्या रेघा, कडेला जाता जाता रुंद होत गेलेल्या. पुस्तक उघडून ठेवावे आणि त्यातल्या ओळी दिसाव्यात तशा. जावईबापूंनी सांगितले की या किड्याचे जर्मन नावच 'बुखड्रुकर' आहे, म्हणजे पुस्तके छापणारा, मुद्रक. लिनियसने १७५८ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले तेव्हा त्यानेही 'टायपोग्राफस' हाच शब्द वापरला. माझ्या कादंबऱ्यांची आवृत्ती अकराशे प्रतींच्या वर कधी गेली नाही आणि तीही संपायला दहा-दहा वर्षे लागली. या मुद्रकाचा खप पाहून मी थक्क झालो.

त्याची कामाची रीत सांगण्यासारखी आहे. भुंगेरा तपकिरी-काळा, तांदळाच्या दाण्याहून लहान, लांबी पाच मिलिमीटरच्या आसपास. वसंतात हवा सोळा-सतरा अंशांपर्यंत तापली की तो उडू लागतो. नर आधी येतो, साल पोखरून आत एक खोली करतो आणि वासाची वर्दी देतो. त्या वासाने माद्या येतात, दुसरे नरही येतात. प्रत्येक मादी खोडाच्या उभ्या दिशेने बोगदा कोरते आणि दोन्ही कडांना अंडी घालत जाते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या आडव्या खात सुटतात. झाडाचा अन्नरस वाहून नेणारा थर नेमका सालीच्या आत असतो, तोच त्या खातात. शिवाय भुंगेऱ्यांच्या अंगावरून एक बुरशी आत येते, ती पाण्याच्या वाटा बुजवते आणि लाकडाला निळसर डाग पाडते. वरून झाड हिरवेच दिसत असते. बुंध्याशी तपकिरी भुसा साठला आहे एवढीच खूण. ती दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

धडधाकट स्प्रूस या किड्याला भीत नाही. भोक पडले की झाड राळ सोडते आणि भुंगेरा त्यात बुडून मरतो. हजारो वर्षे हा व्यवहार असाच चालला. किडा म्हातारी, वादळात पडलेली, अशक्त झाडे उचलायचा आणि जंगल पुढे जायचे. पण राळ करायला झाडाला पाणी लागते. १८ जानेवारी २०१८ रोजी 'फ्रीडरीक' नावाचे वादळ आले आणि हार्त्झमधली असंख्य झाडे आडवी झाली. किड्यांना आयते अन्न मिळाले. त्याच वर्षीचा उन्हाळा कोरडा गेला. जर्मनीत नोंदी ठेवायला लागल्यापासून तोपर्यंतचे ते सर्वांत उष्ण वर्ष. २०१९ आणि २०२० सुद्धा कोरडीच गेली. स्प्रूसची मुळे उथळ. झाडे तहानली, राळ आटली. आणि तिकडे उष्णतेने किड्याचा हंगाम लांबला. एरवी वर्षाला एक, फार तर दोन पिढ्या व्हायच्या, तिथे तिसरी होऊ लागली. तिसरी पिढी झाली तर एका मादीची संतती एका मोसमात लाखाच्या घरात जाते, असे तिथले वनअधिकारी सांगतात.

माझ्या आयुष्याची सदतीस वर्षे बँकेत गेली. एका मुद्दलावर वर्षातून एकदा व्याज लागणे आणि तीनदा लागणे यांत काय फरक पडतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

हार्त्झच्या राष्ट्रीय उद्यानातील सुमारे ऐंशी टक्के स्प्रूस या काही वर्षांत मेले. साऱ्या जर्मनीत २०१८ ते २०२१ च्या वसंतापर्यंत उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलेली हानी पाच लाख हेक्टरांची. शेजारच्या चेक प्रजासत्ताकातले चित्र याहून वाईट होते. बाजारात इतके लाकूड एकदम आले की भाव पार कोसळला. झाड तोडून रस्त्यापर्यंत आणण्याचा खर्चही निघेना. कंटेनर भरभरून ओंडके चीनला गेले. २०२४ च्या ऑक्टोबरात जर्मन सरकारने आपल्या वनगणनेचे आकडे जाहीर केले, त्यांत कळले की २०१७ नंतर त्या देशाच्या जंगलांनी जितका कार्बन साठवला त्याहून जास्त गमावला. तूट चार कोटी टनांच्या वर. जन्मभराचा ठेवीदार कर्जदार झाला.

हे सगळे हवामानबदलाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येते, आणि ते खोटेही नाही. पण मला एका गोष्टीने बेचैन केले. हार्त्झमध्ये स्प्रूस निसर्गतः वाढतो तो सात-आठशे मीटरच्या वर. खालच्या उतारांवर मूळचे राज्य बीचचे, म्हणजे रुंद पानांच्या झाडांचे. मग आगगाडीतून मी पायथ्यापासून जे मेलेले खांब पाहिले, ते तिथे कुणी उभे केले होते?

याचे उत्तर शोधताना मी आपल्याच धंद्यातल्या माणसांपर्यंत येऊन पोहोचलो.

हार्त्झ हा खाणींचा मुलूख. गोस्लारजवळची रामेल्सबर्गची खाण हजार वर्षे चालली आणि १९८८ साली बंद पडली. चांदी, तांबे, शिसे वितळवायला कोळसा लागे, बोगद्यांना टेकू द्यायला ओंडके लागत. डोंगर बोडके झाले. लाकूड संपले तर चांदीही संपेल, ही धास्ती सगळ्याच जर्मन खाणवाल्यांना होती. १७१३ साली सॅक्सनीच्या खाणखात्यातल्या हान्स कार्ल फोन कार्लोविट्झ या अधिकाऱ्याने एक जाडजूड ग्रंथ लिहून सांगितले की जितके उगवते तितकेच तोडा. आज भाषणाभाषणांतून ऐकू येणारा 'शाश्वत' हा शब्द त्या ग्रंथातून निघाला असे मानतात. म्हणजे व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका. कुठल्याही बँकवाल्याला पटेल असा उपदेश आहे आणि माझ्याही मनात कार्लोविट्झबद्दल आदरच आहे.

पण मुद्दल आणि व्याज हे शब्द एकदा जंगलात शिरले की मागोमाग व्याजाचा दरही शिरतो. १८४९ साली मार्टिन फाउस्टमान या वनाधिकाऱ्याने एक सूत्र मांडले. मोकळ्या जमिनीवर झाडे लावली, अमुक वर्षांनी तोडली, पुन्हा लावली, पुन्हा तोडली, असे अनंत काळ चालू ठेवले, तर त्या जमिनीची आजची किंमत किती? प्रकल्प-कर्ज मंजूर करताना आम्ही जे गणित संगणकावर करत असू, तेच हे. जंगलासाठी ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी करून ठेवलेले पाहून मला गंमत वाटली आणि थोडी भीतीही. लगोलग थारांट येथील प्राध्यापक प्रेसलर यांनी याच विचाराचा हिरिरीने प्रचार केला.

वाचकांनी जरा कागद-पेन्सिल घ्यावी. दर तीन टक्के धरू, जंगलाच्या मानाने तो फार नाही. एक रुपया ऐंशी वर्षांत चक्रवाढीने साधारण साडेदहा रुपये होतो. एकशे साठ वर्षांत एकशे तेरा. आता स्प्रूस ऐंशी-शंभर वर्षांत तोडायला येतो, ओक दीडशे ते दोनशे वर्षे घेतो. म्हणजे आज सारखाच खर्च करून लावलेला ओक जर पैशाच्या हिशेबात स्प्रूसच्या बरोबरीला यायचा असेल, तर त्याचे लाकूड दहापटींहून जास्त महाग विकले गेले पाहिजे. ते जात नाही. गणित संपले. स्प्रूस सरळ वाढतो, पटकन वाढतो, सगळा एका मापाचा असतो. लोकांनी स्प्रूस लावला. एका जातीचा, एका वयाचा, रांगेत. गेली दोनशे वर्षे युरोपातल्या डोंगरउतारांवर चक्रवाढ व्याज वाढत होते. लोक त्याला जंगल म्हणत होते.

हा धोका माहीत नव्हता असेही नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस याच हार्त्झमध्ये या किड्याने थैमान घातले होते. ग्मेलिन नावाच्या ग्योटिंगनच्या विद्वानाने १७८७ मध्ये त्यावर सबंध पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांनी भरपाईपोटी मोठाली जंगले तोडून नेली, त्यामागोमाग किडा पुन्हा आला. मग बायाबापड्यांनी डोंगर नव्याने लावले. त्यांच्या स्मरणार्थ १९४९ पासून पन्नास फेनिगच्या नाण्यावर रोप लावणारी एक स्त्री कोरली गेली. युरो येईपर्यंत ते नाणे चालत होते. मुलीच्या शेजारणीने मला एक दाखवले. नाण्यावरचे रोप ओकचे आहे. डोंगरावर लावले ते मात्र बहुतेक स्प्रूस.

या शेजारीणबाई एकोणऐंशी वर्षांच्या. हार्त्झच्या पायथ्याशी त्यांच्या सासऱ्यांनी लावलेले चार हेक्टरांचे स्प्रूसचे रान होते. जर्मनीतले जवळजवळ निम्मे जंगल असे खासगी मालकीचे आहे. शेतकरी कुटुंबे त्याला आपली बचतपेढी म्हणतात. मुलीचे लग्न निघाले, छप्पर गळू लागले की चार झाडे काढायची. स्प्रूसला तिकडे 'ब्रोटबाउम' असाही शब्द आहे. भाकरी देणारे झाड. बाईंची पेढी २०१९ आणि २०२० या दोन उन्हाळ्यांत बुडाली. वनखात्याची नोटीस आली की किडलेली झाडे ताबडतोब काढा, नाहीतर शेजाऱ्याकडे लागण जाईल. तोडणाऱ्यांची मजुरी आणि लाकडाची किंमत यांची वजाबाकी होऊन हातात जवळजवळ काही आले नाही. मुलगी भाषांतर करून सांगत होती. बाई मात्र रडगाणे गात नव्हत्या. एक वाक्य त्या दोनदा म्हणाल्या: "सगळ्यांनी सांगितलं होतं की स्प्रूस सुरक्षित आहे."

हे वाक्य ऐकल्यावर मला त्या रात्री झोप आली नाही, आणि त्याचे कारण हार्त्झमध्ये नव्हते.

१९८६ साली मी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका शाखेत कृषी अधिकारी होतो. सत्तावीस वर्षांचे वय, मोटारसायकल, आणि वर्षअखेरीपर्यंत पुरे करायचे कर्जवाटपाचे उद्दिष्ट. ते दिवस सुबाभळीचे होते. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, त्या झाडाचे काय कौतुक होते! मेक्सिकोकडचे झाड, जनावरांना पाला, चुलीला सरपण, कागदगिरणीला लगदा, जमिनीला नत्र. पडीक जमीन, थोडे पाणी, चार वर्षांत तोड. पुनर्वित्ताची सोय होती, एकरी खर्चाचे तक्ते छापून आले होते. मी माझ्या हाताने अनेक प्रकरणे केली. त्यांतले एक अण्णांचे. सगळे गाव त्यांना अण्णा म्हणे, मीही म्हणायला लागलो होतो. चार एकर माळ, सोळा हजार रुपये. सही करण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "साहेब, या झाडाला रोगराई नाही ना काही?" मी छापील पुस्तिका उघडून दाखवली आणि म्हणालो, "अण्णा, या झाडाला कीड लागत नाही. हे बघा, लिहिलंच आहे."

मी खोटे बोललो नव्हतो. तोपर्यंत भारतात त्या झाडाला म्हणण्यासारखी कीड नव्हतीच. १९८८ मध्ये ती आली. सायलिड म्हणतात तिला. पिवळसर, मोहरीएवढी, रस शोषणारी. पॅसिफिकमधली बेटे ओलांडत, आशिया पार करत ती इथवर पोहोचली होती. आपण लावलेली सुबाभूळ बहुतांशी एकाच वाणाची, थोड्याशाच बियाण्यापासून वाढवलेली. एका झाडाला जे रुचले ते सगळ्यांनाच. शेंडे चिकट झाले, पाला गळाला, वाढ खुंटली. १९८९ च्या पावसाळ्यानंतर मी वसुलीसाठी अण्णांच्या माळावर गेलो तेव्हा नुसत्या काड्या उभ्या होत्या. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, ते पुस्तक आणलंय का? बघा की, आता काय लिहिलंय त्यात."

१९९० च्या कर्जमाफीत त्यांचे दहा हजार सुटले. उरलेल्या मुद्दलासाठी आणि व्याजासाठी नोटीस गेली, तिच्यावर सही माझी. त्यांनी म्हशी विकून पैसे भरले. शाखेचे वसुलीचे प्रमाण त्या वर्षी चांगले दिसले. पुढे त्या किडीचा जोर ओसरला, सुबाभूळ काही नामशेष झाली नाही, आंध्रात कागदगिरण्यांसाठी आजही तिची मोठी लागवड होते. पण अण्णांच्या माळावर ती पुन्हा कुणी लावली नाही. या प्रसंगावर मी इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. कादंबरीकार म्हणवून घेणाऱ्याने स्वतःच्या सहीबद्दल गप्प राहावे, हे काही ठीक नाही.

सांगायचा मुद्दा असा की कर्जप्रकरणात तारण म्हणून सातबारा असतो, जामीन असतो, कधी विमाही असतो. पण एक तारण कुठेच लिहिलेले नसते: उद्याचे हवापाणी आजच्यासारखेच राहील. फाउस्टमानच्या सूत्रात अनंत काळ तेच झाड त्याच जमिनीवर त्याच वेगाने वाढत राहते. माझ्या छापील तक्त्यातही चौथ्या वर्षीचे उत्पन्न ठाम आकड्यात होते. जोखमीचा रकाना असा नव्हताच. आता ते न लिहिलेले तारणच हातचे गेले आहे. किडा दार वाजवायला आलेला वसुली कारकून आहे. कर्ज त्याने काढलेले नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात याच कुळातल्या दुसऱ्या भुंगेऱ्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर क्षेत्रातले लॉजपोल पाइन धरले. ते जंगल काही कुणी व्याजाच्या हिशेबाने लावलेले नव्हते. तिथे कडाक्याचा हिवाळा हाच पहारेकरी. उणे चाळीसच्या आसपास तापमान काही दिवस टिकले की सालीखालच्या अळ्या मरत. तसे हिवाळे विरळ झाले आणि किडा मोकळा सुटला. २००६ मध्ये तर रॉकी पर्वत ओलांडून थव्याने अल्बर्टात उतरला. २००८ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवला की ते अरण्य कार्बन शोषण्याऐवजी सोडू लागले आहे. आपल्याकडेही १९९७ च्या सुमारास मंडला-बालाघाटकडच्या सालवनात खोडकिड्याने असाच कहर केला होता. ताज्या तोडलेल्या सालीच्या रसाचा वास सोडून भुंगेरे गोळा करायचे आणि मोजून द्यायचे, यासाठी आदिवासींना किड्यामागे पैसे मिळत. तीही लागवड नव्हती.

तेव्हा एकजातीची लागवड हेच सगळ्याचे मूळ, असे मी म्हणणार नाही. उष्णता स्वतःच पुरेशी घातक आहे. पण ब्रिटिश कोलंबियातही पाऊणशे-शंभर वर्षे वणवे विझवत ठेवल्याने एकाच जातीची म्हाताऱ्या झाडांची अखंड रांग तयार झाली होती, लाकूड वाचवायचे म्हणून. आणि मंडल्याकडे जवळजवळ सगळा सालच. जिथे एकसारखेपणा आहे तिथे उष्णतेला एकच किल्ली पुरते, एवढे तरी मान्य करायला हरकत नसावी.

मग करायचे काय? बव्हेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात १९८३ च्या वादळानंतर एक धाडसी निर्णय झाला: पडलेले लाकूड उचलायचे नाही, निसर्गाला त्याचे काम करू द्यायचे. १९९० च्या दशकात किड्याने तिथले डोंगरच्या डोंगर वाळवले. भोवतालच्या गावांतून संताप उसळला, संचालक बिबेलरीटर यांना लोकांनी नाही नाही ते ऐकवले. आज त्या उभ्या-आडव्या मढ्यांमधून नवे रान डोक्यावर गेले आहे. पुष्कळसे पुन्हा स्प्रूसच, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण निरनिराळ्या वयाचे, मध्ये रोवन, बीच मिसळलेले. ब्रोकनच्या उतारावरही राखाडी खांबांच्या पायाशी मी गुडघाभर हिरवे पाहिले. त्याच उतारांवर २०२२ च्या सप्टेंबरात मोठी आग लागली होती आणि आम्ही परत आल्यावर २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागली. तेव्हा निर्धास्त राहावे असे काही नाही. शिवाय राष्ट्रीय उद्यानाला जे परवडते ते चार हेक्टरवाल्या बाईंना परवडत नाही. त्यांना भाकरी हवी असते.

आपल्याला हे सारे दूरचे वाटेल. पण आपले वनखाते ज्याने उभे केले तो डीट्रिख ब्रांडिस बॉनचा जर्मन होता. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला आणि जर्मन वनशास्त्राची शिस्त त्याने इथे आणली: क्षेत्राचे भाग पाडणे, तोडीचा फेरा ठरवणे, कार्ययोजना. त्या शिस्तीने जंगले वाचलीही, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण मिश्र रान काढून नुसता साग लावायची सवयही त्याच पोटची. चंद्रपूर-गडचिरोलीकडे स्वातंत्र्यानंतरही ती सुटली नाही. आणि आता आपण रोपे कोटींत मोजतो. २०१९ साली महाराष्ट्राने तेहतीस कोटींचा संकल्प सोडला होता. भरपाई वनीकरणाच्या निधीसाठी २०१६ चा कायदा आहे, कार्बनच्या नावाने खासगी पैसाही येऊ घातला आहे. किती लावली हे सगळे विचारतात, जगली किती हेही हल्ली कुणी कुणी विचारते. किती जातींची आणि किती वयांची, हा रकाना अर्जात असावा एवढेच माझे मागणे आहे. बँकेत एकाच उद्योगाला किंवा एकाच घराण्याला ठरावीक मर्यादेपलीकडे कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई असते. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे आम्हाला पैशाच्या बाबतीत कायद्याने शिकवावे लागले. झाडांच्या बाबतीत असा नियम कुणी अजून केलेला नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधी शेजारीणबाई आम्हाला आपले रान दाखवायला घेऊन गेल्या. तोडलेल्या स्प्रूसच्या खुंटांमधून त्यांनी नव्या रोपांना जाळीच्या नळ्या घातल्या होत्या. ओक, मेपल, रानचेरी, लिंडन, थोडे बीच. कुठे कुठे आपोआप उगवलेला स्प्रूसही त्यांनी तसाच ठेवला होता. काही रोपे वाळली होती, काही हरणांनी खाल्ली होती. मी बँकेत होतो हे त्यांना ठाऊक होते. झारीतले पाणी घालता घालता त्यांनी मुलीला काहीतरी विचारले. मुलगी हसली आणि मला म्हणाली, "बाबा, त्या विचारताहेत, तुमच्या बँकेनं यावर कर्ज दिलं असतं का?"

मी खरे ते सांगितले. नसते दिले. परतफेडीच्या मुदतीला आमच्याकडे पंधरा वर्षांच्या पुढे जागाच नव्हती, आणि इतक्या प्रकारची झाडे एका प्रकरणात बसवायला तक्ताही नव्हता. मुलीने भाषांतर केले. बाईंनी मान डोलावली, रिकामी झारी माझ्या हातात दिली आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते बोटाने दाखवले.